पितळी सापाची वंशावळ

राजा हिज्कीया यहूदाच्या गादीवर बसला तेव्हा त्याने काय काय मोडून टाकले, त्याची नोंद जुन्या करारातील ‘दुसरे राजे’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात आहे. उंचावरची पूजास्थाने गेली, स्तंभ फुटले, अशेरा तुटली. इथवर वाचक अडखळत नाही, ही सगळी परकी दैवते, ती जाणारच होती. त्याच ओळीत पुढे मात्र एक चमत्कारिक नोंद आहे. मोशेने घडवलेल्या पितळी सापाचेही हिज्कीयाने तुकडे केले, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. हा साप काही कनानी शेजाऱ्यांकडून उसना आणलेला नव्हता. गणना या ग्रंथाप्रमाणे तो देवाच्या सांगण्यावरून बनवला होता आणि रानात सर्पदंश झालेली माणसे त्याच्याकडे पाहून जगली होती. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशू स्वतःच्या मरणाविषयी बोलताना याच सापाचा दाखला देतो. जी वस्तू देवाने दिली, जिने जीव वाचवले आणि जी पुढे क्रूसाची खूण ठरली, तीच मधल्या काही शतकांत मूर्ती होऊन बसली.

ख्रिस्ती मंडळीच्या आत शिरणाऱ्या मूर्तिपूजेचा अभ्यास या सापापासून सुरू करावा असे मला वाटते. बहुतेक पुस्तके तो सोन्याच्या वासरापासून सुरू करतात. वासराची गोष्ट नाट्यमय खरी, पण ती वाचून झाल्यावर ‘काय हे लोक!’ म्हणत पुस्तक मिटता येते. साप ती सोय ठेवत नाही. मंडळीतली मूर्ती सहसा वेशीबाहेरून येत नाही. ती घरातलीच असते, एके काळी उपयोगी पडलेली, कुणाच्या तरी साक्षीत डोळ्यांत पाणी आणून सांगितलेली. चर्चची इमारत, गुणी पाळक, आवडते गीतपुस्तक, दुष्काळात तारणारे मिशन, देशप्रेम, एवढेच काय, पवित्र शास्त्राची प्रतसुद्धा. या प्रत्येकाने कधी ना कधी कुणाला तरी वाचवले आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे बोट दाखवणे जड जाते. पुढे ज्या अभ्यासक्षेत्राची तोंडओळख करून द्यायची आहे, त्याचा गाभा या अवघडलेपणात आहे.

मराठी वाचकाला या विषयाकडे वळताना एक जुनी अढी आड येते. मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथाला उत्तर म्हणून जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मुंबईत हिंदू धर्माचे वाभाडे काढणारे पुस्तक छापले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनरी नियतकालिक निघू लागले. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनारी रंगले. या धबडग्यात मूर्तिपूजा हा समोरच्याच्या अंगावर भिरकावण्याचा धोंडा झाला. आजही हिंदू वाचकाने हा विषय पाहिला की त्याला वाटते, झाले, पुन्हा आमचीच हजेरी. ख्रिस्ती वाचकाला वाटते, हा आमचा प्रश्न नाही, तो आमच्या पणजोबांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी निकालात काढला.

दोघांनीही बिनघोर आत यावे. बायबलमधले संदेष्टे मूर्तिपूजेचा आरोप करतात तो बहुतेक वेळा आपल्याच लोकांवर. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून आत येणाऱ्या भाविकांनाच बजावतो की मंदिराच्या नावाचा जप तुम्हाला वाचवणार नाही. शिलो इथल्या जुन्या उपासनास्थानाचे काय झाले ते जाऊन पाहा. देवाचे स्वतःचे मंदिर, आणि तेच देवापासून लपायची जागा झालेले! वारकरी संतांनी आपल्याच परंपरेतल्या कोरड्या कर्मकांडाला ज्या मोकळेपणाने फटकारले, त्याची सवय असलेल्या मराठी कानांना हा सूर परका वाटू नये.

या क्षेत्राचा पहिला मोठा लेखक म्हणजे कार्थेजचा टर्टुलियन. इसवी सन २०० च्या आसपासचा हा माणूस, तापट आणि भांडकुदळ. मूर्तिपूजेवरच्या त्याच्या पुस्तिकेत देवळांपेक्षा पोटापाण्याच्या धंद्यांचीच चर्चा अधिक आहे. मूर्ती घडवणारा दोषी, हे उघडच. पण मिनर्व्हा देवीच्या सणाला विद्यार्थ्यांकडून दक्षिणा घेणाऱ्या शाळामास्तरचे काय? धूप विकणाऱ्या व्यापाऱ्याचे काय? त्याची उत्तरे आज कुणाला पटणार नाहीत, मलाही पटत नाहीत. मूर्ती देवळाइतकीच हिशेबाच्या वहीतही वस्ती करते, हे मात्र त्याने फार लवकर ओळखले.

पुढचा भाग बहुतेकांच्या परिचयाचा आहे, म्हणून भरभर जाऊ. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्य पवित्र चित्रांवरून शंभराहून अधिक वर्षे धुमसत होते. ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने निर्णय दिला की चित्राला मान द्यावा, आराधना मात्र फक्त देवाची. चित्राला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीला पोहोचतो. हा भेद नीट समजून घेतल्याशिवाय प्रोटेस्टंट माणसाने वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत विकायला ठेवलेल्या मेणाच्या हातापायांना आणि मेणाच्या इवल्याशा घरांना हसू नये. मेण म्हणजे देव नव्हे, हे नवस बोलणाऱ्या आजीला पक्के ठाऊक असते. उलट ज्यांनी भिंती पांढऱ्या केल्या त्यांचेही पाहावे. झुरिकमध्ये १५२४ साली चर्चमधली चित्रे आणि मूर्ती काढल्या गेल्या, १५२७ साली ग्रोसम्युन्स्टरचा ऑर्गन मोडला गेला. आणि या सुधारणेचा पुढारी झ्विंग्ली स्वतः उत्तम संगीतज्ञ होता. रिकामी भिंतसुद्धा अभिमानाची वस्तू होऊ शकते, हे त्या पिढीला उमगले नाही.

त्याच काळात विषयाने खरे वळण घेतले ते ल्यूथरच्या हातून. १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना तो दगडधोंड्यांपाशी थांबत नाही. माणसाचे मन ज्यावर भरवसा टाकते तोच त्याचा देव, असे त्याचे म्हणणे, आणि उदाहरणे देतो पैसा, विद्या, सत्ता, घराणे यांची. काही वर्षांनी कॅल्विनने मानवी मनाला मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना म्हटले. चारशे वर्षांनंतर पॉल टिलिक आणि रिचर्ड नीबूर यांनी राष्ट्र, यश, संस्था यांच्याविषयी जे लिहिले, त्याचे मूळ इथे आहे.

विसाव्या शतकात या विचाराची कसोटी लागली ती जर्मनीत. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची चळवळ १९३३ मध्ये प्रोटेस्टंट चर्चमध्ये बळावली. तिच्या सभासदांनी पंथमत नाकारले नव्हते, रविवारची उपासना चुकवली नव्हती. राष्ट्र आणि वंश या देवाने निर्माण केलेल्या गोष्टी आहेत, तेव्हा त्यांतून देव बोलतो, एवढेच त्यांचे म्हणणे. बोलता बोलता त्या वर्षीच्या सप्टेंबरात प्रशियाच्या चर्चसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना दार बंद करणारे कलम मंजूर केले. नोव्हेंबरात बर्लिनच्या क्रीडागृहात सुमारे २०,००० लोकांसमोर एका वक्त्याने जुना करारच काढून टाकण्याची मागणी केली. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या विरोधकांनी सहा विधानांचा जाहीरनामा काढला. त्याचा मुख्य लेखक कार्ल बार्थ. पहिल्याच विधानात स्पष्ट म्हटले होते की ख्रिस्ताच्या जोडीला दुसरी कोणतीही घटना, सत्ता किंवा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळीने मानू नये.

बार्मेनचे कौतुक सगळेच करतात, मीही करतो. पण त्या जाहीरनाम्यात ज्यू लोकांविषयी एक अक्षर नाही. बार्थने १९६७ साली एबरहार्ड बेथगे या धर्मशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात ही आपली चूक असल्याचे मान्य केले. मूर्ती ओळखणारा डोळासुद्धा सगळे पाहत नाही, आणि त्याला जे दिसत नाही त्याची किंमत सहसा दुसराच कुणी तरी मोजतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने बार्मेनचा मजकूर त्यातल्या या मौनासकट वाचावा.

दुसरे महत्त्वाचे ठिकाण मध्य अमेरिका. १९८० मध्ये कोस्टा रिकातल्या काही अभ्यासकांनी, त्यांत पाब्लो रिचर्ड आणि अर्थतज्ज्ञ फ्रान्झ हिंकेलामर्ट होते, देवांच्या लढाईविषयीचा एक लेखसंग्रह काढला. आमच्याकडे प्रश्न देव आहे की नाही हा नसून कोणता देव हा आहे, असा त्यांचा रोख होता. मूर्ती कशी ओळखायची? ती रक्त मागते. त्याच वर्षी २४ मार्चला सान साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो मिस्सा अर्पण करत असताना गोळी लागून मेले. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काढलेल्या परिपत्रकात त्यांनी देशातल्या तीन मूर्ती नावानिशी सांगितल्या होत्या: संपत्ती, राष्ट्रीय सुरक्षा आणि संघटना. पहिल्या दोन सत्ताधाऱ्यांच्या. तिसरी मात्र गरिबांच्या लढाऊ संघटनांनाही लागू होती, म्हणजे रोमेरो ज्यांच्या बाजूने उभे होते त्यांनाच. मला हे परिपत्रक या विषयावरच्या कित्येक जाड ग्रंथांहून मोलाचे वाटते ते या तिसऱ्या नावामुळे.

ग्रंथच हवा असेल तर मोशे हालबर्टाल आणि अविशाय मार्गालित या दोन इस्रायली तत्त्वज्ञांचे १९९२ चे पुस्तक घ्यावे. ते ख्रिस्ती नाहीत, आणि म्हणूनही उपयोगी आहेत. मूर्तिपूजेत नेमके पाप कोणते, असा साधा प्रश्न ते विचारतात. होशेयसारख्या संदेष्ट्यांच्या दृष्टीने ती बेइमानी आहे, लग्नाच्या जोडीदाराला दिलेला दगा. मैमोनिदीससारख्या तत्त्ववेत्त्याच्या दृष्टीने ती चूक आहे, देवाविषयीची खोटी कल्पना. मंडळीतल्या आजच्या मूर्ती दुसऱ्या जाळ्यात कधीच सापडत नाहीत, कारण तिथे सगळ्यांचे मतांगीकार तोंडपाठ असतात, शिकवण चोख असते. पहिले जाळे टाकले की मासे दिसू लागतात.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. अलीकडच्या लोकप्रिय पुस्तकांत जे जे प्रिय ते ते मूर्ती ठरते. टिम केलर यांचे २००९ चे पुस्तक त्यांतले सरस. पण त्याचा मुख्य भर व्यक्तीच्या अंतःकरणावर आहे आणि त्याची नक्कल करणाऱ्या उपदेशांत मोबाइल, क्रिकेट, मुलांचे मार्क, सकाळचा चहा यांचीच रांग लागते. आई मुलांत गुंतली म्हणून ती मूर्तिपूजक, असे व्यासपीठावरून ऐकवणारा पाळक स्वतःच्या खुर्चीविषयी मात्र चकार शब्द काढत नाही. मूर्ती म्हणण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. तिच्याकडून तारणाची अपेक्षा आहे का? तिच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्याला मंडळीत गप्प बसवतात का? आणि तिच्या सेवेपायी कुणाचा बळी जातो? नुसत्या आवडीनिवडीला एवढा मोठा शब्द लावला की तो बोथट होतो, आणि गरज पडेल तेव्हा कापत नाही.

आता एक उदाहरण जवळून पाहू. कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्ह येथे रॉबर्ट शुलर हा पाळक १९५५ साली आला. तो रिफॉर्म्ड चर्चचा, म्हणजे कॅल्विनच्याच घराण्यातला. जागा मिळेना, तेव्हा मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचे मैदान त्याने रविवार सकाळसाठी भाड्याने घेतले आणि खाण्याच्या टपरीच्या छपरावर उभा राहून उपदेश करू लागला. लोक आपापल्या गाडीत बसून ऐकत. ज्यांना चालता येत नाही, चर्चमध्ये पाऊल टाकायला जे संकोचतात, त्यांच्यासाठी ही मोठी सोय होती. या कल्पनेतली माया नाकारता येणार नाही. १९७० मध्ये त्याची उपासना दूरचित्रवाणीवर आली. १९८० साली फिलिप जॉन्सन या नामांकित वास्तुशिल्पकाराने आखलेले ‘क्रिस्टल कॅथीड्रल’ उघडले: १०,००० हून अधिक काचा, आणि बाहेर गाडीत बसलेल्यांना व्यासपीठ दिसावे म्हणून बाजूला सरकणारे अजस्र दरवाजे. आतून आकाश दिसावे ही मूळ इच्छा. कॅमेऱ्याला मात्र आकाशापेक्षा काच अधिक आवडली. नाताळ आणि ईस्टरचे भव्य देखावे होऊ लागले, त्यांत जिवंत जनावरे आणि हवेत तरंगणारे देवदूत. संस्थापकानंतर गादी मुलाकडे, मग मुलीकडे, असा कौटुंबिक तंटा झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. पैसे थकलेल्या घेणेकऱ्यांत देखाव्यांसाठी माल पुरवणारेही होते. २०१२ साली ती वास्तू ५ कोटी ७५ लाख डॉलरना ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने घेतली आणि २०१९ मध्ये तिथे कॅथलिक कॅथीड्रलचे समर्पण झाले.

कुणी म्हणेल, ही अमेरिकेची श्रीमंती नाटके. मला त्यात टपरीचे छप्पर अधिक महत्त्वाचे वाटते. छप्पर आणि काचेचा महाल यांच्यात असा एकही दिवस दाखवता येत नाही ज्या दिवशी शुलरने देव सोडला. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून शहाणपणाचीच दिसते. सिएटलच्या मार्स हिल चर्चचेही तसेच. १९९६ मध्ये सुरू झालेले हे चर्च मार्क ड्रिस्कॉल या एका उपदेशकाभोवती अनेक शाखांपर्यंत वाढले. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि काही महिन्यांत अख्खी संस्था विसर्जित झाली. माणूस निघाला आणि खाली काही उरलेच नाही, यावरून तिथे कशाची उपासना चालली होती हे कळते.

महाराष्ट्रात या अभ्यासाला आपला एक थोर पूर्वज आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. मिशनचे उपकार खरे होते. दुष्काळात त्याने पोरक्या मुलांना पोसले, ज्यांना गावात शाळेच्या ओट्यावरही बसू देत नसत त्यांच्या हाती पाटी दिली. त्याच मिशनच्या पगारावर, बंगल्यावर आणि गोऱ्या साहेबाच्या शब्दावर मंडळीचा जीव टांगलेला आहे, हे टिळकांना डाचत राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. दरबार त्यांच्या एकट्याच्या तेजावर उभा होता का, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही टाळू नये. आज ‘उपासना संगीत’मधली त्यांची गीते मराठी चर्चमध्ये रविवारी घुमतात, आणि एखाद्या तरुणाने चाल बदलली तर पुढच्या बाकावरून जी नजर येते तिच्याविषयी अधिक लिहायला नको.

मिशन गेले, जमिनी राहिल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ऐक्याची प्रार्थना खरी होती, तरी त्यानंतरची कितीतरी वर्षे कोर्टकचेरीत गेली. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. आपल्या शहरांतली जुनी मिशन कंपाउंडे आता भर बाजारपेठेत आली आहेत, आणि बैठकीत आरंभीची प्रार्थना उरकून मंडळी तातडीने प्रॉपर्टी कार्डावर येते. नव्या स्वतंत्र चर्चमध्ये जमीन नसते, तिथे फ्लेक्स असतो: पाळकाचा चेहरा, नावाआधी ‘प्रेषित’ किंवा ‘डॉक्टर’, आणि क्रूस कोपऱ्यात, छापखान्याच्या फोन नंबराशेजारी.

जातीविषयी मात्र कुजबुज चालते, बोलणे होत नाही. प्रभुभोजनाच्या मेजाशी रोटीव्यवहार झाला. बेटीव्यवहार अजून ‘मूळ कुठले?’ या प्रश्नाशी अडतो. तमिळनाडूत काही ठिकाणी कबरस्तानेही वेगळी राहिली. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविद्येची सुरुवात मानली जाते. त्या परंपरेतले लेखन मी मूर्तिपूजेच्या अभ्यासाचाच भाग समजतो, जरी ते ग्रंथालयात दुसऱ्या कपाटात असले तरी. जातीने संकटात माणसे धरून ठेवली, लग्ने जमवली, खांदे दिले. तीही आपल्यापुढे उपकाराचा पुरावा घेऊनच उभी राहते.

विद्यार्थ्यांना, पाळकांना, कुतूहलाने आलेल्या कुणालाही इथे कामाची वाण नाही, आणि त्यासाठी हिब्रू-ग्रीक येणे ही पहिली अट नाही. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक वाचावेत. आपल्या गावच्या चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या उतरवून घ्याव्यात: कुणाच्या स्मरणार्थ काय दिले, आणि कुणाची पाटी नाही. मंडळीची इतिवृत्ते आणि जमाखर्चाच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मनोऱ्याची वर्गणी ज्या वर्षी पुरी झाली, त्या वर्षी घरोघर जाऊन बायबल शिकवणाऱ्या बायबलबाईला पगार मिळाला होता का, आणि मिळाला नसेल तर बैठकीत तो प्रश्न कुणी काढला होता?